गाडीत पाणी कुठून येतंय? सीलंटची ट्यूब नंतर, शोध आधी

या आठवड्याच्या व्हिडिओमध्ये मी पाण्याचा पाइप, टॉर्च आणि चिकटपट्टी घेऊन आमच्या ईकोभोवती फिरताना दिसते. काहींना वाटेल, ताईंनी पॅकेजिंगचं दुकान बंद करून गॅरेज टाकलं की काय! तसं काही नाही. पण तुमच्यापैकी बरेच जण पहिली गाडी घेताना जुनीच घेणार आहात. ओम्नी असो, ईको असो, नाहीतर छोटा टेम्पो. २०१९ मध्ये ओम्नी बंद झाली तरी वाशीच्या मार्केटबाहेर आजही किती ओम्नी उभ्या असतात बघा. जुनी गाडी घेणं चूक नाही, मी स्वतः तेच सांगते. फक्त आपल्याकडच्या पावसात जुनी गाडी कधी ना कधी गळते, आणि गळती शोधायची कशी हे आपल्याला कुणी शिकवत नाही. मला बीबीएच्या तीन वर्षांत शिकवलं नाही. मी ते सतरा हजार चारशे रुपये घालवून शिकले.

व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिते.

आमचं दुकान कोपरखैरण्यात. मिठाईचे बॉक्स, केकचे बॉक्स, कुरिअरचे खोके, टेप, पेपर बॅग. गाडी ईको कार्गो, दहा वर्षं जुनी, बाबांच्या काळात घेतलेली. टपावर एका फिटरकडून कॅरिअर बसवून घेतलेला, आत मागच्या भागात टपाला फोम आणि रेक्झिन लावलेलं, खाली प्लाय. पुठ्ठ्याच्या मालाला ओरखडे नकोत म्हणून ही सगळी सोय. हीच सोय पुढे आम्हाला नडली. कशी, ते सांगते.

गणपतीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. नेरूळच्या एक काकू घरून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. त्यांचे ८०० छापील बॉक्स महापे एमआयडीसीतून उचलले आणि रात्री गाडीतच ठेवले, कारण दुकानात जागा नव्हती. रात्रभर धो धो पाऊस. सकाळी बघते तर मागच्या डाव्या कोपऱ्यातले गठ्ठे खालून ओले. मी काय केलं? ओले बॉक्स बाजूला काढले, साधारण तीनशे निघाले. उरलेले पाचशे हाताला कोरडे लागले, ते नेऊन दिले आणि म्हटलं, बाकीचे दोन दिवसांत देते. काकूंनी एक बॉक्स उघडला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे दिला.

"बॉक्स कोरडा आहे गं, पण वास घे एकदा."

कुबट वास. ओल्या गोणपाटासारखा. मी तरीही म्हणाले की काकू, उन्हात ठेवले की जाईल. त्या म्हणाल्या, "ऊन कुठंय? आणि माझ्या मोदकाला हा वास लागला तर लोक बॉक्सला नाही, मला नावं ठेवतील." मला उत्तर नव्हतं. त्यांचं एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन त्यांच्या नावावर, गिऱ्हाईक त्यांचं, नाव त्यांचं. आणि मी त्यांना ओल लागलेला माल "चालेल" म्हणून देत होते.

पुठ्ठ्याचं एक लक्षात ठेवा. खोक्याचे थर स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात. ओल लागली की खळ सैल पडते, कागद दमट हवा शोषून घेतो आणि खोक्याची ताकद कमी होते. वरून पाण्याचा थेंब दिसला नाही तरी दमट गाडीत रात्रभर राहिलेला खोका आणि कपाटातला खोका सारखा नसतो. कपडे, मसाले, पापड, औषधं, पुस्तकं, कुठलाही धंदा घ्या, हेच आहे.

आता आकडे. काकूंचा बॉक्स मला १६ रुपयांना पडत होता आणि मी २१ ला देत होते. म्हणजे ८०० बॉक्सवर ४,००० सुटणार होते. पूर्ण माल बाद केला, १२,८०० गेले. परत छापायला घाईचे दोन रुपये जास्त, म्हणजे १८ प्रमाणे १४,४००. आपल्या गाडीवर विश्वास नव्हता म्हणून भाड्याचा टेम्पो, १,२००. आणि त्याआधी जूनमध्ये एका गॅरेजवाल्याला याच गळतीसाठी दिलेले १,८००. त्याने टेललॅम्पच्या कडेने आणि डिकीच्या खालून पांढरं सिलिकॉन भरून दिलं होतं. "आता थेंब येणार नाही मॅडम." हिशोब केलात तर चार हजार नफ्याच्या जागी १३,४०० तोटा. फरक १७,४००. वर म्हटलं ना, तोच आकडा.

आणि खरं सांगू? ही पहिली वेळ नव्हतीच. आधीचे दोन पावसाळे दर महिन्याला थोडा थोडा माल जात होता. मी तो वहीत "खराब माल" या एका खात्यात टाकत होते. त्यात छपाई चुकलेला माल पण होता, उंदरांनी कुरतडलेला पण आणि ओला पण. त्यामुळे गाडी किती खातेय हे कधी दिसलंच नाही. आता मी तीन रकाने करते: काय खराब झालं, कशाने, आणि गाडीत असेल तर गाडीच्या कुठल्या भागात. हा तिसरा रकाना फालतू वाटेल, पण गळती सापडली ती त्याच्यामुळे आणि आमच्या ड्रायव्हर मामांमुळे.

मामांचं वाक्य

मामा बाबांच्या वेळेपासून गाडी चालवतात. मी रडकुंडीला येऊन पुन्हा गॅरेजचा नंबर लावत होते, तेव्हा ते म्हणाले, "ताई, बेलापूरला पारसिक हिलवर चढाला गाडी लावली की मागे पाणी येतं. तोंड उताराकडे केलं की मागचा कोपरा ठणठणीत. तेव्हा माझ्या शेजारच्या सीटमागे ओलं होतं."

मी त्यांना विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "कुणी विचारलं कुठे?" बरोबर आहे. गाडीबद्दल मी गॅरेजवाल्याला विचारलं, यूट्यूबला विचारलं, पण जो माणूस दिवसाला आठ तास तिच्यात बसतो त्याला नाही विचारलं.

त्या वाक्याचा अर्थ नीट बघा. टेललॅम्पमधून पाणी येत असतं, तर गाडीचं तोंड कुठेही असो, मागचा कोपरा आधी भिजला असता. तोंड उताराला असताना तो कोरडा राहतो, म्हणजे पाणी तिथून आत येतच नाही. ते पुढे कुठेतरी आत शिरतं आणि उतार मिळेल तिकडे धावतं. टपाला आतून लावलेल्या रेक्झिनच्या मागून. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहिलेल्यांना हे सांगायला नको. ओल दिसते आपल्या बेडरूमच्या कोपऱ्यात, आणि तडा असतो गच्चीच्या भलत्याच टोकाला. गाडीचंही तसंच: पाणी जिथे दिसतं तिथे बहुतेक वेळा भोक नसतं. म्हणून दिसेल तिथे सिलिकॉन फासणं म्हणजे दुखतं पोटात आणि बाम लावला डोक्याला.

आधी ठरवा, पाणी पावसाचंच आहे ना?

हे दोन मिनिटांचं काम आहे. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर पुढच्या पायाजवळ स्वच्छ गार पाणी आलं तर ती एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली आहे, टपाचा काही संबंध नाही. पाणी रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, सरळ मेकॅनिककडे जा. उभ्या गाडीत कोरडं आणि साचलेल्या पाण्यातून चालवल्यावर चिखलाचं पाणी येत असेल तर ते खालून येतंय, चाकाच्या वरचा पत्रा किंवा जमिनीचे रबरी बूच बघा. उभ्या गाडीत, पावसात, स्वच्छ पाणी: हे आपलं.

आता गाडी पूर्ण रिकामी करा. अर्धवट नाही. प्लाय, मॅटिंग, फोम सगळं बाहेर. आम्ही प्लाय उचलला तेव्हा त्याची खालची बाजू काळी पडली होती, नखाने सोलली जात होती. रेक्झिन मी डाव्या बाजूने सोडवून घेतलं. मन होत नाही, पैसे घालून लावलेलं असतं, पण ते जागेवर ठेवून गळती शोधणं म्हणजे रेनकोट घातलेल्या माणसाची जखम शोधणं. आतला पत्रा फडक्याने कोरडा पुसा. मग बघा, पाण्याने आधीच रस्ता काढून ठेवलेला असतो: गंजाची तपकिरी रेघ, धुळीत उमटलेला ओघळ, चुन्यासारखा पांढरा डाग. आमच्याकडे अशी एक रेघ डाव्या बाजूने टपाच्या आडव्या पट्टीपाशी सुरू होऊन मागच्या खांबापर्यंत गेली होती. ती बघितल्यावरच माझे १,८०० रुपये कुठे गेले ते कळलं.

रात्रीचा एक साधा प्रयोग आहे. एकाने आत बसून मोठा टॉर्च कडाकडांनी फिरवायचा, दुसऱ्याने बाहेरून अंधारात बघायचं. उलटंही करा. मोठी भोकं यात लगेच दिसतात. बारीक दिसत नाहीत, कारण पाणी वळणं घेऊन येतं आणि उजेड सरळ जातो.

दरवाज्यांच्या रबरी बीडिंगसाठी कागदाची पट्टी. पट्टी मध्ये ठेवून दार लावायचं आणि ओढायची. घट्ट निघाली तर रबर दाबतंय. अलगद सुटली तर तिथे रबर चपटं झालंय किंवा दारच खाली बसलंय. प्रत्येक दाराला वीत वीत अंतरावर करा. सरकत्या दाराला तर नक्की. दिवसातून चाळीस वेळा उघडझाप होते त्याची, रोलर झिजतात आणि दार मागच्या बाजूने नीट आत बसत नाही. आमच्या दाराला वरच्या मागच्या कोपऱ्यात पट्टी नुसती गळून पडली.

पाइपचा प्रयोग: खालून वर

हा व्हिडिओतला मुख्य भाग. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. पाइपला नोझल नको, पाणी पावसासारखं ओघळू द्या. सर्व्हिस सेंटरची प्रेशर गन तर अजिबात नको. ती चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलते आणि तुम्ही नसलेली गळती दुरुस्त करत बसता. पाइप नसेल तर झारी चालते. मोरबे धरण आपल्या नवी मुंबईचं स्वतःचं असलं तरी तासभर पाइप सोडून ठेवू नका, सोसायटीवाले बोलतात आणि बरोबर बोलतात.

सुरुवात खालून. आधी दाराची खालची कड, मग टेललॅम्प, मग खिडक्या आणि काचा, आणि सगळ्यात शेवटी टप. प्रत्येक जागी किमान आठ-दहा मिनिटं. लोकांचं इथे चुकतं. ते टपावर पाणी सोडतात, पाणी सगळीकडून ओघळतं, आत कुठेतरी थेंब दिसतो आणि मग काच, दार, लॅम्प सगळ्यांवर संशय. खालून वर गेलात की जिथे पहिला थेंब आला ती उंची सापडते. त्याच्या खालचं सगळं निर्दोष सुटतं. धीर मात्र धरा. पाणी पट्टीमागे साचतं, मग भरतं, मग ओसंडतं. आमच्याकडे टपावर पाणी सोडल्यानंतर सातव्या मिनिटाला पहिला थेंब आला.

सांगायला आनंद होतो की टेललॅम्प पूर्ण निर्दोष निघाला. दहा मिनिटं पाणी, आत कोरडं.

समोरची काच बघताना दोन गोष्टी. रबरात बसवलेली असेल तर रबराचे कोपरे बघा, तिथे ते आकसतं आणि भेगाळतं. चिकटवलेली असेल आणि कधी बदलली असेल, तर चिकटवण्यात कुठे खंड राहिलाय का ते बघा. आणि वायपरखालची जाळी उघडून आतला कचरा काढा. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर तिथे पानांचा चिखल असतो, पाणी जायची वाट तुंबते आणि मग ते आत यायची वाट शोधते. आमच्या गाडीत तिथून गुलमोहराच्या पाकळ्यांचा मूठभर लगदा निघाला. गळती तिथून नव्हती, पण अजून एका पावसात झाली असती.

टपावर आल्यावर चिकटपट्टी. टपाच्या दोन्ही कडांना पन्हळीसारखी खाच असते, तिथे पत्र्याचे जोड येतात आणि जोडावर कंपनीचं सीलंट असतं. दहा वर्षं ऊन, पाऊस, हादरे खाऊन ते कडक होतं आणि केसासारखी चीर जाते. संशयाच्या सगळ्या जागा आधी कोरड्या करून रुंद चिकटपट्टीने झाका: कॅरिअरचा प्रत्येक बोल्ट, पन्हळीचा जोड, अँटेनाचं भोक. मग पाणी सोडायचं आणि एक एक पट्टी काढत जायचं. कुठली पट्टी काढल्यावर थेंब सुरू झाला, तो आरोपी. आमचा आरोपी कॅरिअरचा पुढून दुसरा, डाव्या बाजूचा बोल्ट. फिटरने टपाला भोक पाडून बोल्ट ठोकला होता, खाली रबरी वायसर नाही, सीलंट नाही. त्यावर आम्ही दहा वर्षं खोके लादले. हादऱ्यांनी भोक लांबट झालं आणि शेजारच्या पन्हळीतला जोडही दोन बोटं उघडला.

थांबू नका मात्र. एक गळती सापडली की माणूस खूश होऊन पाइप गुंडाळतो. बोल्टवर पट्टी परत लावून पाणी सोडलं, तर पुढच्या डाव्या दाराखाली ओलं! हे वेगळंच प्रकरण. दाराच्या काचेच्या फटीतून पाणी दाराच्या आत जातंच, तशीच रचना असते. दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात, तिथून ते बाहेर पडतं. आतल्या पॅनलमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाणी गाडीत येऊ देत नाही. मामांनी दोन वर्षांपूर्वी स्पीकर बसवले तेव्हा बसवणाऱ्याने तो कागद फाडून तसाच सोडला होता. मामा एवढं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "गाणी मात्र चांगली वाजतात."

आणि जूनमधल्या त्या सिलिकॉनची गंमत. डिकीच्या दारालाही खाली अशीच भोकं असतात. गॅरेजवाल्याने पाणी तिथून "येतं" असं समजून ती बुजवली होती. म्हणजे जे पाणी बाहेर जात होतं ते त्याने आत कोंडलं. सिलिकॉन खरवडल्यावर दारातून अर्धा तांब्या तरी गंजाचं पाणी निघालं. पैसे देऊन गंज विकत घेतला म्हणा ना!

दुरुस्ती

ही मी स्वतः नाही केली, ओळखीच्या डेंटरकडून करून घेतली. पण मी समोर उभी राहिले, कारण मला आता जागा माहीत होत्या. हा फरक लक्षात घ्या. आधी मी गेले होते "पाणी येतंय, बघा" म्हणून. या वेळी गेले ते खडूने तीन गोल करून. काम ठरलेलं, त्यामुळे भावही ठरला.

बोल्ट काढला, पन्हळीतलं जुनं सीलंट खरवडलं, तारेच्या ब्रशने गंज चकाकत्या पत्र्यापर्यंत घासला. गंजावर सीलंट लावलं तर ते खपलीसकट सुटून येतं. मग प्रायमर, तो वाळल्यावर पीयू सीलंट, त्यावर रंग. सिलिकॉन का नाही? जे सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून आम्ल सुटतं, ते उघड्या पत्र्याला चांगलं नाही. आणि सिलिकॉनवर रंग धरत नाही. पाण्याच्या टाकीला लावतात ती इपॉक्सी पुट्टीही नको, ती दगडासारखी कडक होते आणि हादऱ्यांनी पुन्हा चिरते. गाडी हलते, म्हणून भरणही थोडं हलणारं हवं. भोकाला मोठं वायसर, खाली रबर, बोल्टच्या डोक्याखाली सीलंट. दाराला नवीन प्लास्टिक, ब्युटाइल टेपने चिकटवून. सरकत्या दाराची बीडिंग बदलली आणि रोलर सेट केला. टेललॅम्प सिलिकॉन काढण्यासाठी उघडावे लागलेच होते, म्हणून त्यांची गॅस्केटही नवीन.

सगळ्याला चोवीस तास हात लावला नाही आणि मग पाइपचा प्रयोग पहिल्यापासून. डेंटर म्हणाला, गरज नाही. मी म्हटलं, दादा, मला आहे.

खर्च: मजुरी ३,५००, सीलंट ९००, प्रायमर आणि रंग ७००, बीडिंग १,१००, गॅस्केट ३००, प्लास्टिक आणि टेप २५०, बोल्ट-वायसर १५०. एकूण ६,९००. दोन दिवस गाडी बंद, त्याचं टेम्पो भाडं २,४०० धरा, ९,३०० झाले. गाडी बंद राहण्याचे पैसे नेहमी धरा, नवीन लोक ते विसरतात. हे काम मे महिन्यात केलं असतं तर पत्रा कोरडा मिळाला असता आणि कामंही थोडी ढिली असतात. आम्ही सप्टेंबरात उघडीप मिळेल तशी केली. मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून आहे. तुम्ही पाइपचा प्रयोग १० मेच्या आत करा, म्हणजे दुरुस्तीला महिना मिळतो.

काही जण विचारतील, इन्शुरन्स? गाडीच्या पॉलिसीत गाडी असते, गाडीतला माल नसतो. मालासाठी वेगळी ट्रान्झिट पॉलिसी लागते. आणि रबर झिजून, पत्रा गंजून झालेलं गाडीचं नुकसान झीज म्हणून धरलं जातं, त्याचा क्लेम मिळत नाही. पॉलिसी काढण्याआधी एजंटला हे दोन प्रश्न नाव घेऊन विचारा.

कधी सोडून द्यायची?

हे लिहिणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण जुन्या गाडीवर जीव जडतो. बाबांची गाडी म्हणून माझाही आहे. मॅटिंग उचललेलं असतानाच एक स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि सीट जिथे बोल्टने बसते, सीटबेल्ट जिथे अडकतो, दाराच्या खालचा उंबरठा, समोरच्या काचेच्या बाजूचे खांब, इथे दाबून बघा. पत्रा टणक लागला तर ठीक. खपल्या पडल्या तर घासून, रंगवून चालेल. स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर ते सीलंटचं काम राहिलेलं नाही, कापून नवीन पत्रा वेल्डिंग करावा लागेल. एखाद्या जागी असेल तर करा. खांब आणि सीटच्या जागा दोन्ही गेल्या असतील तर त्या गाडीत माल सोडा, माणूस बसवू नका. पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस पासिंग असतं. पण ते वर्षातून एकदा, ड्रायव्हर रोज बसतो.

आणि जुनी गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा हेच उलटं करा. शक्यतो पावसाळ्यात बघायला जा. मॅटिंग उचलू द्यायला मालक का-कू करत असेल तर चहा घ्या आणि परत या. नवीन कोरं मॅटिंग, जोरदार परफ्यूम आणि टपावर ताज्या सिलिकॉनची रेघ, तिन्ही एकत्र दिसलं की भाव करायच्या आधी पाण्याची बाटली मागून टपावर ओता. टेललॅम्पच्या आत पाण्याचे थेंब आणि वायरच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर वायरिंगचा खर्चही मनात धरा. आमचा एक ब्रेक लाइट असाच पावसाळाभर लागायचा-विझायचा. दिवा बदलत राहिलो, गंजलेला होता जोड.

आत आता काळा प्लाय नाही. लाकडी पट्ट्यांवर दोन इंच उचललेलं फळ्यांचं तळ केलंय, खाली हात घालून ओल आहे का बघता येतं. टपाचं रेक्झिन परत लावलं नाही. पत्रा उघडा दिसतो, आवाज जास्त येतो, मामा कुरकुर करतात. पण पत्र्यावर थेंब आला तर त्याच दिवशी दिसेल.

काकूंना ते ८०० बॉक्स गणपतीच्या तीन दिवस आधी मिळाले, भाड्याच्या टेम्पोने. दिवाळीला त्यांनी फराळाचे बॉक्स दुसरीकडून घेतले, मी समजून गेले. मार्चमध्ये त्यांचा फोन आला, पुरणपोळीसाठी २०० बॉक्स हवे होते. मी आमच्याच गाडीतून घेऊन गेले. त्यांनी पैसे द्यायच्या आधी एक बॉक्स उघडला आणि नाकाशी नेला.